ड्रायव्हर सापडला नाही

हे खरं आहे. ज्यांना खोटं वाटतं त्यांना पटवायला मी बसलेलो नाही. खोटंच रचायचं असतं, तर त्यात स्वतःला एवढं हलकट दाखवलं नसतं.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. वीज गेली नव्हती.

रविवारची लख्ख दुपार होती. काकूचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. आतली खोली, खिडकीला लागून कम्प्युटरचं टेबल. खोलीत मी आणि काकू, दोघंच.

म्हणजे... मला तरी दोघंच दिसत होतो.

मी कम्प्युटर दुरुस्त करतो. कोर्स-बिर्स काही केला नाही, खोलून-बिघडवून शिकलो. मोबाईलवर आमचा एक ग्रुप आहे, तिथं दिवसभर भांडणं चालतात. कुठला फोन भारी, कुठली कंपनी लुटते, जुनं मशीन ठेवावं की भंगारात द्यावं. माझं मत ठरलेलं होतं. कंपनीनं सपोर्ट बंद केला की वस्तू मेली. मेलेलं कवटाळून बसू नका.

एक जण कायम आडवा यायचा. त्याला आम्ही ‘जुनाट’ म्हणायचो. तो लिहायचा, “जुना ड्रायव्हर शोधा, वस्तू चालते. कंपनीनं सोडलं म्हणून आपणही सोडायचं का?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तार लावलेली वस्तू कोण आहे, तिच्याशी कसं बोलायचं, हे तो कम्प्युटरला सांगतो. तो नसेल तर वस्तू समोर असूनही कम्प्युटरला दिसत नाही.

आणि माझे काकाही ड्रायव्हर होते. एका ऑफिसची गाडी चालवायचे.

साहेब मीटिंगमध्ये बसले की काका गाडीत एकटे. वेळ जाईना म्हणून त्यांनी एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेतला होता. त्यात बडबडायचे. साहेबांच्या नकला करायचे, जुनी गाणी बेसूर म्हणायचे. “आज डब्यात परत भोपळा. घरच्या मॅनेजरकडे तक्रार करायला पाहिजे.” असलं सगळं.

मग एका पहाटे, धुक्यात, गाडी पुलावरून नदीत गेली.

गाडी वर काढली. काचा बंद. दारं आतून लॉक. सीटबेल्ट लावलेला...

आत कुणीच नव्हतं.

ऑफिसातून काकूला फोन आला तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता. “गाडी मिळाली आहे. ड्रायव्हर सापडला नाही.” त्यांच्या तोंडात काकांचं नावसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं त्यांच्यासाठी उन्हात थांबलेला माणूस, शेवटी नुसता ड्रायव्हर.

काका कधीच सापडले नाहीत.

राहिला तो रेकॉर्डर. घरीच विसरला होता त्या दिवशी. पुढं त्याचा आवाज बाहेर येईना, पण तारेनं जुन्या कम्प्युटरला जोडला की चालायचा. काकू रोज जेवण झालं की ऐकायची. भोपळ्याची तक्रार आली की कम्प्युटरला उत्तर द्यायची, “मग स्वतः करून खा!” आणि हसत बसायची.

तो जुना कम्प्युटर मी भंगारात दिला.

मीच तिच्या मागं लागलो होतो. “काकू, हा डबा फेक. नवीन घे. सगळं यावर चालेल.” त्यावाचून अडेल असं काही आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. घाईत होतो. त्या रेकॉर्डरमधलं काही दुसरीकडं उतरवलंही नव्हतं.

तर त्या रविवारी नवीन मशीन लावायला गेलो. काकूनं दारातच चेष्टा केली.

“या डॉक्टर. पेशंट आत आहे.”

“पेशंट नवा कोरा आहे, काकू. आजारी पडायला वेळ आहे.”

“मग आधी ते लाव बाबा. आठ दिवस झाले, घर कसं मुकं झालंय.”

मी रेकॉर्डर जोडला. चढत्या सुरात टिडिंग वाजलं. तिला वाचता यावं म्हणून मी मशीन मराठीत ठेवलं होतं. स्क्रीनवर पट्टी आली.

‘ड्रायव्हर सापडला नाही.’

काकू माझ्या शेजारी उभी होती. तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, तोंडातल्या तोंडात. आणि पलंगावर बसली.

“कुणाचा फोन आला होता?” तिनं विचारलं.

“फोन नाही गं. हा वेगळा ड्रायव्हर. त्या रेकॉर्डरचा. कंपनीनं बंद केला, आता मिळत नाही.”

“म्हणजे... आता ऐकू येणार नाही?”

मी काहीतरी पुटपुटलो. खरं तर माझं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये होतं. ग्रुपवर जुनाट मला घेरत होता, आणि मला काहीही करून वाद जिंकायचा होता.

मी फोटो काढला. एका बाजूला स्क्रीन, दुसऱ्या बाजूला पलंगावर पांढरी पडलेली काकू.

खाली लिहिलं : “बघा जुनाटराव. मेलेल्या वस्तू जिवंत करायला निघालं की हे होतं. स्क्रीनवर ‘ड्रायव्हर सापडला नाही’ आलं, तर आमची काकू विचारते, कुणाचा फोन होता!”

आणि टाकला ग्रुपवर.

धडाधड हसरे चेहरे यायला लागले. मीही हसलो. तिच्यासमोर बसून.

रेकॉर्डर चालत नाही म्हटल्यावर मी तार उपसली होती. ती माझ्या मांडीवर पडली होती. दोन्ही टोकं मोकळी.

आणि तेवढ्यात...

टिडिंग.

मी स्क्रीनकडं पाहिलं. पट्टी बदलली होती.

‘ड्रायव्हर शोधत आहे...’

मशीनला अजून इंटरनेट जोडलंच नव्हतं. शोधायला ते जाणार कुठं?

खिडकीखाली मुलं खेळत होती. त्यांचा आवाज थांबला. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती. खोली अशी गप्प झाली, जसं कुणीतरी बोलायला तोंड उघडलंय आणि सगळे थांबलेत.

मग एकच आवाज यायला लागला...

टिक. टिक. टिक.

गाडी वळताना इंडिकेटर वाजतो ना, तसा.

स्क्रीनवर अक्षरं आली. ‘ड्रायव्हर सापडला. वापरासाठी तयार आहे.’

“अरे!” काकू पलंगावरून उठली. “सापडला म्हणतंय बघ!” तिचा चेहरा किती उजळला होता, ते मला लिहिता येणार नाही.

माझ्या हातातला मोबाईल थरथरला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, “काकूंच्या मागं कोण उभं आहे रे?”

दुसऱ्यानं लिहिलं, “काका का? एवढे भिजलेत कशानं?”

तिसरा, “कपड्यांतून पाणी गळतंय राव.”

मी मान वर केली. काकूच्या मागं भिंत होती. कपाट होतं. बस.

ग्रुपवरचा फोटो उघडला, मोठा करून पाहिला. काकू, स्क्रीन, भिंत. मला कुणीच दिसेना.

“काय झालं? चेहरा का उतरला तुझा?” काकूनं हात पुढं केला. “बघू काय आहे मोबाईलमध्ये.”

फोटोच्या खाली मी लिहिलेलं होतं. त्याच्याखाली ती सगळी हसणारी तोंडं.

मी तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला.

घाबरून केला असता तर आज मान वर करून सांगितलं असतं. लाजेनं केला. काकूनं ते वाचू नये म्हणून. स्वतःची कातडी वाचवायला.

बोट उचललं, आणि त्याच क्षणी... उतरत्या सुरात आवाज आला. वस्तू काढली की येतो तो.

‘डिव्हाइस काढून टाकले आहे.’

टिकटिक थांबली. खाली मुलं ओरडायला लागली. पंखा घरघरू लागला.

तारेला मी हात लावला नव्हता. ती मांडीवरच होती.

काकू स्क्रीनकडं बघत राहिली. मग वळून मागच्या भिंतीकडं पाहिलं.

“अरे, आत्ता तर होते ना?” ती म्हणाली.

‘होता’ नाही. ‘होते’ म्हणाली.

संध्याकाळी मी जुनाटला वेगळा मेसेज केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोललो. फोटो आहे का विचारलं. नव्हता. कुणाकडंच नव्हता. माझ्या मोबाईलमध्ये आहे, पण त्यात भिंतच आहे, तोच त्याला परत पाठवला, तर त्यालाही भिंतच दिसली.

“दिसत कसे होते?” मी विचारलं. “रागात होते का?”

बराच वेळ ‘टाईप करत आहे’ दिसत राहिलं.

“राग नव्हता रे. मान खाली होती. सगळे मिळून आपल्या बाईमाणसाला हसतात आणि आपल्याला काही बोलता येत नाही, तेव्हा माणूस उभा राहतो ना... तसे उभे होते.”

त्यानंतर मी बाजार पालथा घातला. जुनी मशीन जमवली, सापडतील ते सगळे ड्रायव्हर टाकून पाहिले. रेकॉर्डर कुठंही ओळखला जात नाही. ग्रुप मी सोडला. काकूकडं जायचं टाळत होतो.

शेवटी तिचाच फोन आला.

“तू त्या दिवशी फोटो काढलास ना रे? त्यात आलेत का ते?”

खोटं बोलवेना. “मला नाही दिसले, काकू. पण ज्यांना पाठवला त्यांना दिसले म्हणे.”

“मग दाखव की.”

“ग्रुपवरचा काढून टाकला मी. माझ्याकडच्यात नुसती भिंत आहे.”

“का?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. आणि खरं सांगतो... मला तो एकट्या तिचाच वाटला नाही.

“बरं, जाऊ दे,” ती हळू आवाजात म्हणाली. “ज्यांनी पाहिलं ते काय म्हणाले? कसे दिसत होते?”

“बरे दिसत होते, काकू.”



“बरे म्हणजे कसे रे?”