चार आणे माणूस

"ताई, तुम्हाला माणूस किती आणे हवाय?" दुकानदारानं विचारलं.

असं कुणी पूर्वी विचारलं असतं तर वृषाली शिराळकरनं त्याला तिथल्या तिथं झापलं असतं. पण आता कराडच्या कुठल्याही दुकानात घरासाठी छोटा लॅपटॉप आणि राउटर मागितला की आधी हाच प्रश्न येई, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. आणे तिच्या आजोबांच्या लहानपणीच बाद झाले होते. शब्द मात्र दुकानदारांनी बरोबर हुडकून काढला होता. काउंटरवर राउटर मांडले होते, चार आण्यांचा, आठ आण्यांचा, बारा आण्यांचा. आणि मागं काचेच्या कपाटात, देवासारखा एकटाच, सोळा आण्यांचा. पलीकडचा माणूस तुमच्यापर्यंत खराखुरा किती पोचणार, त्याचं हे माप. उरलेला माणूस यंत्र अंदाजानं भरून काढी.

"घरात किती जणं?" दुकानदार म्हणाला.

"मी एकटी. मुलगा नॉर्वेला असतो, रविवारी बोलतो आम्ही."

"मग चार आणे रग्गड झालं की! आईलेकाच्या बोलण्यात असं असतंय काय?"

वृषाली हसली नाही. एरवी तीच अशा बोलण्याला दुप्पट उत्तर द्यायची. शेजारच्या स्टुलावर तिची शाळेपासूनची मैत्रीण बसली होती, डॉक्टर शर्वरी केतकर. हिनं बंगळुरूला वीस वर्षं याच अंदाजाच्या यंत्रांवर संशोधन केलं होतं आणि आता कंटाळून गावी परत आली होती. वृषालीनं तिला भावताव करायला म्हणून ओढून आणलं होतं. निदान सांगताना तरी तसंच सांगितलं होतं.

"घरी आहे तो चार आण्यांचाच आहे," वृषाली म्हणाली. "आणि बिघडलेला नाही तो, शर्वरी. मी खोटं बोलले तुझ्याशी."

"मग कशाला उन्हातान्हात आणलंस मला?"

"ऐक. गेल्या रविवारी बोलायला बसले आणि मला खोकल्याची उबळ आली. नेहमीसारखं 'जेवलास का' विचारणार होते, पण शब्दच फुटेना. दोन क्षण मी गप्प. आणि हा पठ्ठ्या पलीकडून हसून म्हणतोय, 'हो आई, जेवलो. तू?'" वृषालीचा आवाज खाली गेला. "मी विचारलंच नव्हतं गं."

शर्वरीनं हातातलं माहितीपत्रक खाली ठेवलं. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळल्याचं तिनं आधी पाहून घेतलं.

"तू एसटी स्टँडवर पुकारायचीस ना?" तिनं विचारलं. "'सांगलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे.' कोण ऐकायचं का?"

"कोण ऐकतंय मेलं!"

"आणि 'सांगली गाडी आज रद्द झाली आहे' म्हटलंस की?"

"अंगावर धावून यायचे लोक."

"बस्स. पहिल्या वाक्यात बातमी नव्हती, दुसऱ्यात होती. ऐकणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे ते पाठवायचंच कशाला? फक्त बदललेलं तेवढं पाठवायचं. सगळं शास्त्र एवढंच आहे."

याच शास्त्रावर फरकवाहिनी उभी राहिली होती. समुद्राखालच्या तारा आणि डोक्यावरचं आकाश, दोन्ही माणसांच्या बोलण्यानं आणि हलत्या चित्रांनी इतकं तुडुंब भरलं की नवीन काही आत शिरेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी ही युक्ती काढली. प्रत्येक लॅपटॉपनं आपल्या मालकाच्या माणसांना शिकून घ्यायचं: चेहरा, आवाज, लकबी, ठरलेली वाक्यं. त्यातून यंत्राच्या पोटात त्या माणसाची एक सवयमूर्ती तयार होई. पलीकडचा आता काय बोलेल, कसा हसेल, याचा अंदाज ही मूर्ती करी आणि तोच पडद्यावर दाखवी. पलीकडून फक्त चूक कळवली जाई: इथं अंदाज चुकला, हा घे फरक. महाग राउटर बारीकसारीक फरकही पकडत. स्वस्तातले फक्त ठळक फरक घेत, बाकीचे गाळून टाकत. त्या गाळलेल्या फरकांना धंद्यातल्या भाषेत 'किरकोळ' म्हणत. घरोघरच्या लॅपटॉपवर हेच चाले आणि खिशातल्या फोनवरही हेच. जगाचं काम सुरळीत चाललं होतं आणि तक्रार कुणाचीच नव्हती, कारण समोर दिसणारा माणूस हुबेहूब असे.

"किरकोळ म्हणजे काय काय गं?" वृषालीनं विचारलं.

"आवाजातली थरथर. डोळ्यांखालचं काळं, डोळ्यांतलं पाणी, हातवारे. एखाददुसरं अक्षर."

"एवढं सगळं किरकोळ? आणि माणूस गप्पच बसला तर?"

"तिथं खरा घोळ आहे," शर्वरी म्हणाली. "अंदाज बरोबर निघाला की पलीकडून काही येत नाही. माणूस गप्प बसला तरी काही येत नाही. चार आण्यांच्या यंत्राला या दोन्हींतला भेद कळत नाही. काही आलं नाही ना, म्हणजे आपलं बरोबर आहे, असं धरून ते बोलत राहतं."

"त्याच्या तोंडानं."

"हो."

"आणि तो समोर नसलाच तर?"

"तरीही बोलतं," शर्वरी म्हणाली. रविवारची नेमवेळ लावून ठेवली की दोन्हीकडचे लॅपटॉप आपापले जोडले जात, माणसानं बोटसुद्धा लावावं लागत नसे. ही सोय तिच्याच खात्यानं केली होती.

ओजस कामाला लागला तेव्हा याच दुकानातून दोघांनी राउटरची जोडी घेतली होती, एक त्याला न्यायला आणि एक घरी ठेवायला. तो म्हणत होता, "आई, आठ आण्यांचे घेऊया ना." मोडता तिनंच घातला होता. दोन घेतले तर सूट होती, आणि शिवाय, "एवढं बोलायचं तरी काय असतं रे आपल्याला?" हे तिचंच वाक्य. आता ते आठवून तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"तो काढा," तिनं काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं. दुकानदारानं किंमत सांगितली तेव्हा तिचा चेहरा उतरला, पण मुदतठेव मोडायची ठरवूनच ती म्हणाली, "आणि लॅपटॉप सगळ्यात साधा द्या. भाजीच्या पिशवीत मावेल असा."

"शाब्बास," शर्वरी म्हणाली. "लॅपटॉप कसलाही चालतो. खरं काम राउटरचंच असतं."

रविवारी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. राउटर फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. शर्वरीनं जोडणी करता करता पुन्हा बजावलं, "नीट ऐक. तुला तो सोळा आणे दिसेल आणि ऐकू येईल, अंदाजाचं काहीही मध्ये येणार नाही. पण त्याच्याकडचं यंत्र चार आण्यांचंच आहे. तू त्याला किती पोचशील ते त्या यंत्राच्या हातात. त्याच्या खोलीत तुझा आवाज वाजेल तोही तुला ऐकू येईल, गोंधळून जाऊ नकोस. आणि काय वाटेल ते झालं तरी गप्प बसायचं नाही. तू थांबलीस की तुझ्या जागी ते बोलेल."

"मी थांबायची? जन्मभर पुकारत आलेय मी," वृषाली म्हणाली.

दर रविवारी दिसायचा तो ओजस गुळगुळीत दाढी केलेला, निळ्या स्वेटरातला असे. मागं खिडकीत ऊन असे. आज पडदा उजळला आणि तिला वाटलं, भलत्याच कुणाच्या घरी लागला. खिडकीत मिट्ट काळोख. तिकडं पार उत्तरेला हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, हे तिला माहीत होतं, आणि तरी इतके रविवार ते ऊन बघून तिला काही खटकलं नव्हतं. खुर्ची रिकामी. खरकट्या ताटल्यांची चळत. भिंतीकडं तोंड करून गादीवर कुणीतरी पडलेलं, पाय पोटाशी घेऊन.

"ओजस," ती म्हणाली.

त्या खोलीत तिचाच आवाज वाजला, "ओजस बाळा, जेवलास का?"

पुढचे तीन शब्द तिचे नव्हते. गादीवरचा माणूस हललासुद्धा नाही. इतक्या रविवारी याच शांततेच्या जागी ती 'हो आई, जेवलो' ऐकत आली होती, आणि ऐकून सुखानं भाकरी थापत होती.

"बोल," शर्वरी कुजबुजली. "ठरलेलं नको. त्या यंत्राला सुचणार नाही असं काहीतरी बोल."

वृषालीला सुचेना. काळजी घे, जप, थंडीचं अंगावर घाल... ओठांवर येणारं प्रत्येक वाक्य तिनं त्याला शंभरदा ऐकवलेलं होतं. काय बाई आपलं बोलणं, तिला वाटलं, इतकी वर्षं याच्याशी बोललो तरी काय! मग एकदम तिला त्याची शाळा आठवली. सकाळी हा उठायचा नाही, तेव्हा ती स्टँडवरच्या आवाजात पुकारा करायची आणि हा पांघरुणात खिदळायचा. तो खेळ बंद होऊन किती वर्षं झाली होती. तिनं नाक चिमटीत धरलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! पांघरुणात लपलेले ओजस शिराळकर यांची गाडी फलाटावर लागलेली असून त्यांनी ताबडतोब उठावं!"

पलीकडं तिचा पुकारा थोडा अडखळत उमटला, पण उमटला. गादीवरचा माणूस वळला. दाढी वाढलेली, गाल बसलेले, ओठांना चिरा पडलेल्या. तो उठून खुर्चीपर्यंत आला आणि पडद्याकडं बघत राहिला.

"आई? तू आहेस?"

"मी नाही तर कोण मेल्या! हे काय करून घेतलंयस? कामावर जातोस ना?"

"काम गेलं, आई. गणपतीच्या आधीच गेलं."

"आणि आईला सांगायचं नाही होय रे?"

"विचारलं होतं की तुला," ओजस म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "गणपतीत विचारलं, येऊ का घरी? तू म्हणालीस, ये की, पण आधी कामाचं बघ. मग मी पुढं काही बोललो नाही. नंतर नंतर समोर बसायचंही सोडलं. तू आपली 'जेवलास का' विचारायचीस आणि आपोआपच ठेवायचीस."

वृषालीला तो रविवार लख्ख आठवला. 'येईन घरी', असं ऐकलं होतं तिनं. दर वर्षी गणपतीच्या सुमाराला तो म्हणायचा, दिवाळीला येईन घरी, आणि दर वर्षी ती म्हणायची, ये की, पण आधी कामाचं बघ. येऊ का आणि येईन. तोंडातल्या तोंडात, घाबरत घाबरत विचारलेलं. फरक किरकोळ होता. आणि उत्तर मात्र तिनंच दिलं होतं, स्वतःच्या तोंडानं, सोळा आणे खरं.

"नाही रे सोन्या, तू तर तेव्हा—"

"आता परत विचारतो," तो म्हणाला. तो खुर्चीत पुढं सरकला. शाळेतून प्रगतीपुस्तक घेऊन येताना त्याचा चेहरा असाच व्हायचा. "नाही म्हणालीस तरी चालेल. येऊ का घरी?"

एका अक्षराचं उत्तर होतं. 'ये.' तिचं सगळं अंग ते उत्तर देत होतं. डोळे भरून वाहत होते, दोन्ही हात पडद्याकडं गेले होते, मान जोरजोरात हलत होती. पण गळा दाटून आला आणि ते एक अक्षर काही केल्या बाहेर पडेना.

"वृषाली, बोल!" शर्वरीनं तिचा दंड गदागदा हलवला. "अगं थांबू नकोस, बोल!"

आणि तिकडं, नॉर्वेच्या त्या अंधाऱ्या खोलीत, वृषालीचा आवाज वाजला. स्वच्छ, खणखणीत, स्टँडवर वाजायचा तसा.

"ये की, पण आधी कामाचं बघ. जप हं. ठेवते."

ओजस थोडासा हसला. त्याच्या पडद्यावर आई कशी दिसत असेल, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पदर सारखा करून नेहमीसारखी उठणारी, शांत.

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढं करून लॅपटॉप मिटला.

"ये!" वृषाली ओरडली. "ये रे, आत्ता ये!" शर्वरी परत परत नंबर लावत होती. वृषाली बोलतच राहिली, ये, ये, अंगावरच्या कपड्यांनिशी ये, तिकिटाचं मी बघते. पलीकडून काही येत नव्हतं. चार आण्यांच्या यंत्रानं अशा वेळी हसरा ओजस दाखवला असता. हे यंत्र महागाचं होतं. त्यानं कसलाही अंदाज केला नाही, ते नुसता काळा पडदा दाखवत राहिलं.