साक्षीची माती

त्या दिवशी आम्हाला फक्त बरणीभर चांगली माती हवी होती. काम एवढंच होतं.

मी शाळा लवकर सोडली, म्हणून माझ्या वाट्याला गिरमिट आलं. लांब लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला पोकळ पातं. दोन्ही हातांनी फिरवत ते जमिनीत उतरवायचं, वर ओढायचं आणि पात्यात अडकलेली माती नार्सिसाबाईंपुढे धरायची. बाई राजधानीतून, क्विटोहून आलेल्या इंजिनीयर. त्या माती हुंगायच्या, काचेच्या बरणीत भरायच्या, वर चिठ्ठी चिकटवून बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. बोलायचं सगळं काम त्यांचं होतं. मला ते बरं पडायचं.

सकाळी आम्ही माझ्या बहिणीच्या, एदिल्माताईच्या घरामागचा हौद तपासला. हौद हा आमचा शब्द. तेल काढताना निघालेली घाण कंपनीनं जंगलात खड्डे खणून त्यांत सोडली, आणि जाताना वर माती लोटून ‘साफ केले’ अशी पाटी रोवली. पाटीभोवती गवत छान वाढलं आहे. गिरमिट हातभरही खाली गेलं नसेल. वर आलं ते काळं, चिकट, डांबराच्या वासाचं.

ताई दारातून बघत होती, पोटावर हात ठेवून. तिला सातवा महिना होता. आधीचं पोर पोटातच गेलं होतं. बाईंचा अहवाल कोर्टात मान्य झाला, तर बाळंतपणाआधी तिचं घर नदीपलीकडे हलणार होतं. नाही झाला, तर ती इथंच राहणार, हौदाशेजारच्या विहिरीचं पाणी पीत.

“आता साक्षीदार शोधू,” बाई म्हणाल्या.

साक्षीदार म्हणजे कधीच न बाटलेली माती. तिच्याशी ताडून दाखवलं नाही, तर कंपनीचे वकील म्हणतात, इथली जमीन मुळातच अशी, आम्ही काय केलं?

पण साक्षीदार मिळेना. कॉफीच्या मळ्यात गिरमिट घातलं, शाळेच्या मैदानात घातलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला घातलं. कुठं काळा पट्टा, कुठं नुसता वास. बाई दर वेळी माती हुंगायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी त्यांनी हुंगणंच सोडलं. नुसतं माझ्या तोंडाकडे बघायच्या.

गावच्या देवळाची आणि टेकडीवरच्या दफनभूमीची किल्ली अब्दोनकाकांकडे असते. ते लांबून आमची मजा बघत होते.

“टेकडीवर चला, बाई,” ते म्हणाले. “आमच्या गावात चांगली जमीन फक्त मेलेल्यांना मिळाली. जिवंत होते तेव्हा कुणी दिली नाही.”

“थडग्यांच्या मधे खणायचं?”

“खालच्या कोपऱ्यात खणा. तिथं कुणाच्या नावाची पाटी नाही. कुणी भांडायला येणार नाही.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “याच्या बहिणीला मात्र विचारा. ए घुम्या, जा, घेऊन ये तिला. बहिणीशी तरी बोलतोस ना?”

त्या कोपऱ्यात बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं आहेत. पांढऱ्या रंगाच्या नुसत्या काठ्या, क्रूससुद्धा नाही. अशा पोरांना आमच्याकडे नाव ठेवत नाहीत. नाव असलं की हाक मारता येते. आणि हाक मारली की...

ताई आली. आपल्या पोराच्या काठीपाशी उभी राहिली. तिनं होकाराची मान हलवली.

दुपारच ती, पण ढग झाडांवर उतरले होते आणि अंधार पडल्यासारखे किरकिरणारे रातकिडे एकदम गप्प झाले. काठीपासून दोन पावलं अंतर सोडून मी गिरमिट लावलं. तांबडी माती निघाली. दिवसभरात पहिल्यांदा मातीला मातीचा वास आला. बाई चक्क हसल्या.

“अजून थोडं खाली, होफ्रे.”

मी फिरवत राहिलो. मग गिरमिट अडकलं. दगडाला अडकतं तसं नव्हे. तान्हं मूल झोपेत आपलं बोट पकडतं ना, तसं. हलकंच, पण सुटू न देणारं. मी ओढलं नाही. मला ओढवेना. थोड्या वेळानं त्यानं आपणहून सोडलं.

वर आलेली माती स्वच्छ होती. तिला दुधाचा वास येत होता.

“बाई... ही कोमट आहे.”

“ऊन लागलं असेल.”

ऊन सकाळपासून पडलंच नव्हतं. बाईंनी बरणी भरली, झाकण लावलं आणि पेन काढलं.

“या कोपऱ्याला काय म्हणता तुम्ही? चिठ्ठीवर जागेचं नाव लागतं.”

“काही म्हणत नाही,” काका म्हणाले.

“बिननावाची बरणी प्रयोगशाळेत घेत नाहीत, काका. काहीतरी सांगा.”

“नेप्ताली,” ताई म्हणाली.

काकांनी छातीवर क्रूस काढला. “पोरी... ते नको.”

“किती वर्षं हे नाव गिळून बसू, काका?”

बाईंनी तोवर लिहिलंही होतं. जिभेनं चिठ्ठी ओली करून त्यांनी ती बरणीवर दाबली. ताईचा हात चटकन पोटाकडे गेला. मला वाटलं, आतून लाथ बसली असेल.

नदीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, संध्याकाळी बंद होते, म्हणून बाई ताईकडेच थांबल्या. बर्फाची पेटी चुलीपासून लांब, कोपऱ्यात ठेवली. बरणी गार राहिली तरच तपासणीला चालते. तळलेली केळी खाताना बाई म्हणाल्या, “आता एक वकील बोलू दे समोर!” ताईही हसली. खाल्लं मात्र तिनं काहीच नाही. डोळा लागता लागता मला तिचा आवाज आला. कुणाशी तरी अगदी हळू बोलत होती.

“नेप्ताली... थंडी वाजते का रे?”

पहाटे पेटी उघडी होती. ताई झुल्यात पडली होती आणि बरणी तिच्या शालीत, छातीशी. झाकण शाबूत होतं, पण काच अंगासारखी गरम झाली होती.

“असू दे,” बाई म्हणाल्या. त्यांनी रिकामी बरणी उचलली. “दुसरी काढू. जागा तर माहीत आहे.”

आम्ही टेकडीवर धावलो. काल बुजवलेलं भोक काठोकाठ काळ्या तेलानं भरलं होतं. वर इंद्रधनुष्यी साय. मी वरच्या बाजूला, नावांच्या थडग्यांत गिरमिट घातलं. काळं. कुंपणापाशी घातलं. काळं. किल्ली घेऊन आलेल्या काकांनी फाटक पुन्हा लावून घेतलं. बाई पहिल्या तरीनं निघून गेल्या. जाताना त्यांनी ताईकडे पाहिलं नाही.

“ताई, अहवाल गेला,” मी म्हणालो. मला बोलणं जमत नाही, पण त्या दिवशी बोललो. “आपणच जाऊ. पलीकडे भाड्याची खोली बघतो. मी करीन कसंतरी.”

“याला टाकून?” तिनं शाल सारखी केली. “आत्ता कुठं आलाय.”

“आणि पोटातला?”

तिनं पोटावरून एकदा हात फिरवला. मग कोंबडीनं अंडं दिलं नाही असं सांगावं, तितक्या शांतपणे म्हणाली,

“तो हलत नाही रे, होफ्रे. काल ती चिठ्ठी चिकटवली ना... तेव्हापासून.”

मी बरणी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही, फक्त शाल थोडी बाजूला केली. काच आतून वाफेनं धूसर झाली होती. मी बघत होतो तोच ती निवळली, आतली तांबडी माती दिसली... आणि मग हळूहळू, खालून वर, काच पुन्हा धूसर होत गेली.