परसातले दोन होले

“थांब तुळशा! दाणे टाकू नको!” वच्छी ओरडली.

पेरूच्या झाडाखाली दोन होले मरून पडले होते. तिसरा पंख पसरून लडखडत होता. नाताळच्या सुट्टीत वच्छी देऊळघाटला मामाकडे आली, तेव्हापासून ती आणि मामेभाऊ तुळशीराम रोज परसातल्या सपाट दगडावर पाखरांना दाणे टाकत. चिमण्या, साळुंक्या, होले... नुसता कलकलाट! आज मात्र परस चिडीचूप होतं.

“हे उकंडरावाचंच काम!” तुळशीराम दातओठ खात म्हणाला. “पाखरं हरभऱ्यात उतरतात म्हणून कालच बोंबलून राह्यला होता. इख घातलं त्यानं!”

त्यांनीच विष घातलं असं वच्छीलाही वाटलं. शेजारच्या त्या म्हाताऱ्याला गोफण फिरवताना तिनं पाहिलं होतं. दोघं कुंपणाआड दबा धरून बसली. थोड्या वेळानं उकंडराव आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दगडाशी काहीतरी ठेवलं आणि लगबगीनं वळले!

“पकडलं!” तुळशीरामनं झेप घेतली.

मातीच्या परळात होतं नुसतं स्वच्छ पाणी!

“काऊन बे, मले चोर समजले काय?” उकंडराव ओशाळून हसले. “वावरातून हाकलतो मी त्याईले. पण हा होला तडफडून राह्यला, पाहवलं नाही. अन् पोट्टेहो, काल सकाळी तर सारे मजेत होते. दुपारी तुमीच काय टाकलं?”

दगडावरचे उरलेले दाणे तळहातावर घेऊन वच्छीनं परळातल्या चार थेंब पाण्यानं चोळले. तळवा लालसर झाला!

“तुळशा, हा गहू कुठला?”

“ज्वारी सरली होती. मंग ओसरीतल्या पोत्यातून घेतला.”

पेरणीच्या बियाण्याला लाल रंगाचं विषारी औषध चोळतात, ते खायचं नसतं, असं गुरुजींनी शाळेत बजावलं होतं. दोघं ओसरीकडे धावली. पोतं गायब!

“मामानं नेलं ना चक्कीवर,” रुखमामामी म्हणाल्या. “सांजच्याले पाहुणे येतात. पोया कराच्या हायेत.”

दोघांनी धूम ठोकली. चक्कीचा पट्टा नुकताच फिरू लागला होता. भाऊरावमामा पोत्याचं तोंड सोडत होते.

“मामा, दळू नका! यात विषारी बियाणं आहे!”

“व्हय बाजूले! मोठ्याईले शिकवते काय?”

आता बोलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. वच्छीनं पोत्यातून मूठभर गहू उचलला, चक्कीवाल्याच्या तांब्यात बुडवला आणि मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर खसाखसा घासला!

“अवं पोरी!” मामांनी हात उगारला आणि तसाच राहिला. धोतरावर लाल फराटा उमटला होता.

त्यांचा चेहरा उतरला. “रिकामं पोतं पाह्यजे होतं... म्हणून त्यातलं पेरणीचं उरलेलं बी मीच ओतलं या घरच्या गव्हात. ध्यानातच नाही राह्यलं!”

“तेच खाऊन होले मेले, बाबा,” तुळशीराम हळूच म्हणाला.

चक्की थांबली. मामांनी स्वतःच्या हातानं बांधाकडेला खोल खड्डा खणून ते पोतं पुरलं. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पिठाच्या पोळ्या झाल्या आणि भरल्या पंगतीत मामा उभे राहिले.

“माह्या हातून आज तुमचा जीव गेला असता,” ते म्हणाले. “ह्या पोराईनं वाचवलं. मी तर ऐकूनही घेत नव्हतो.”

पंगतीला आलेल्या उकंडरावांनी दोघांच्या पाठीवर थाप दिली. “शाबास! पोट्टे हुशार हायेत, भाऊराव!”

“वच्छे,” मामांनी सर्वांसमोर विचारलं, “उद्या पाखराईले काय टाकू?”

“ज्वारी!” वच्छी हसून म्हणाली. “पण आधी मला दाखवायची!”