मुंगीपास पेटी

पेठला हायवेला आमचा बोर्ड आहे. ‘भिमाजी काचपेटी’. बोर्ड वाचून लोक गाडी थांबवतात आणि खिडकीची काच बसवून देता का विचारतात. नाय देत. आम्ही फक्त म्युझियमच्या पेट्या करतो. तलवारी, नाणी, जुनी पागोटी ज्यात ठेवतात त्या. तीन पिढ्या तेवढंच काम.

सुरुवात मात्र मिठाईनं झाली. भिमाजी म्हणजे माझे आबा. मंचरच्या बाजारात उत्तमचंद शेठचं मिठाईचं दुकान होतं. बर्फीला मुंग्या लागायच्या. शेठ जैन, मुंगीवर पावडर टाकू द्यायचे नाहीत. आबांना म्हणाले, “भिमाजी, मुंगी मरायला नको अन् माझी बर्फी पण जायला नको. असं कपाट कर.” आबांनी केलं. पुण्याचे एक म्युझियमवाले साहेब बर्फी घ्यायला थांबले, बर्फी राहिली बाजूला, कपाटच बघत बसले. तिथून पुढचं सगळं.

म्हणून आमच्याकडं अजून पेटी गुळानं तपासतात. आत गुळाचा खडा ठेवायचा, लॉक करायचं, आणि शेडच्या मागच्या दाराशी मुंग्यांची रांग असते तिथं पेटी ठेवायची. मुंग्या काचेवर चढतात, प्रत्येक फट हुंगून बघतात. तीन दिवसांत एक पण आत गेली नाय तर पेटी मुंगीपास. आता हवेचं मीटर आहे, ते पण लावतो. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, मीटर बघून पेटी सोडत नाहीत. मुंगी बघून सोडतात. शेडमध्ये मुंगी मारायची नाय, हा पण आबांचाच नियम.

यंदा पहिल्यांदा अख्खी पेटी माझी होती.

मी आयटीआय वगैरे केलं नाय. फोनवर व्हिडिओ बघत शिकलो, काचा फोडत शिकलो. माणसाएवढी उंच पेटी, एका चिलखतासाठी. बिजागरी दिसत नाय, दार एका बोटानं लागतं. म्युझियमला आवडली तर त्यांच्या नव्या हॉलचं सगळं काम आमचं. आणि अण्णा म्हणाले होते, पास झाली तर बोर्डावर आबांच्या नावाखाली तुझं नाव.

ताटलीत गूळ ठेवला. लॉक केलं.

मुंग्या चढल्याच नाहीत. पेटीपासून हातभर लांबून वळसा घालून जात होत्या. चारही बाजूंनी. मध्ये नुसती मोकळी फरशी.

“सिलिकॉनचा वास असंल,” अण्णा म्हणाले.

तेच सिलिकॉन शेजारच्या पेटीला होतं. ती मुंग्यांनी काळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी गुळाचा कोपरा गेलेला. तुटला नव्हता. चावला होता. दातांच्या खुणा दिसत होत्या. एक मोठा घास, आणि शेजारी एक बारका.

“भूक लागली व्हती तर सांगायचं ना राव,” अण्णा म्हणाले.

“किल्ली तुमच्या खिशात आहे.”

अण्णांनी खिसा चाचपला. किल्ली होती. मग ते हसायचे थांबले.

मीटर लावलं. काटा हलला नाय. दाराच्या रबरावरून सगळीकडं बोट फिरवलं. कुठं फट नाय.

तिसऱ्या दिवशी ताटली मोकळी. चाटून पुसल्यासारखी.

“अण्णा, फेल धरायची का?” मी विचारलं. डोळ्यापुढं बोर्ड होता.

“मुंगी गेली का आत?”

“नाय.”

“मग पास हाये.” लॉक ओढून बघत म्हणाले, “आन् आतनं बाहेर बी काय आलं न्हाई. हे बी ध्यानात घे.”

खरं सांगतो, मला अभिमानच वाटला.

दुपारी म्युझियमच्या नूतन मॅडम आल्या. एका बोटानं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. “अहो, आवाज पण नाही,” म्हणाल्या. मग ताटली दिसली. “हे काय?”

“गूळ होता,” मी म्हणालो.

“कुठाय मग?”

“खाल्ला,” अण्णा म्हणाले.

मॅडम हसल्या. दार उघडं ठेवून निवांत मापं घेत बसल्या. अण्णा पेटीकडं बघत नव्हते. फरशीकडं बघत होते. मॅडमनी पास लिहून दिलं, पेटी लॉक झाली, टेम्पोत चढली, गेली.

पेटी होती त्या जागेवरून मुंग्या सरळ जायला लागल्या. मला बरं वाटलं. आम्ही चहा घ्यायला बसलो.

साखरेच्या डब्याकडं येणाऱ्या रांगेत वळसा होता.

हातभर नाय. वीतभरच. मध्ये काहीच नव्हतं.

अण्णांनी कप खाली ठेवला. कोपऱ्यातली एक छोटी पेटी ओढून आणली. तिच्यात गुळाची अख्खी ढेप ठेवली. दार उघडं ठेवलं.

आम्ही उभे राहिलो.

वळसा सरकत होता. पुढच्या मुंग्या बाजूला होत होत्या, मागच्या परत जुळत होत्या. सावकाश. पेटीच्या दाराकडं.

मग रांग सरळ झाली.

“लाव,” अण्णा हळूच म्हणाले.

मी एका बोटानं दार लावलं.

सकाळी ढेपेवर एकच घास होता. बारका.

ती पेटी आम्ही विकत नाय. पुढच्या बाजूला नमुना म्हणून ठेवलीय. बोर्डावर माझं नाव आलंय. हॉलचं काम पण मिळालं.

काल मॅडमचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

“ऋषी, एक विचारायचं होतं. शाळेची पोरं इथं डबे सांडतात, हॉलभर मुंग्या झाल्यात. सगळ्या पेट्यांवर चढतात, फक्त तुमची सोडून. हातभर लांबूनच जातात. काय लावता हो तुम्ही?”

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा नमुन्याकडं बघत होते. ढेप निम्मी झालीय. सगळे घास बारके.

अण्णांनी फोन घेतला. “काय लावत न्हाई मॅडम. कामच तसं असतंय आमचं. आमच्या पेटीतनं काय बाहेर येत न्हाई.”

“ते खरंच,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी चिलखत बसवतोय. पोरांना पण बोलवलंय बघायला. दार उघडलं की फोटो पाठवते.”