उलट्या सीडीचा ड्रायव्हर

डोक्यात राग असताना कुणाला गाडी शिकवायला बसायचं नाही, हा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा नियम मीच केलाय. त्या बुधवारी तो मीच मोडला.

दहाच्या क्लासला खरं तर हरिचंद्रकाका जातात. पण त्यांची कंबर धरली, म्हणून कात्रपच्या नाक्यावर गाडी लावून मी उभी राहिले. आणि समोरून, लर्निंग लायसनचा कागद घडी करत, अवधूत आला.

मी त्याला लगेच ओळखलं. न ओळखायला काय झालं, आदल्या आठवड्यात त्याचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा दातओठ खाल्ले होते. त्यानं मात्र मला ओळखलं नाही. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल... इथल्या धुळीत उभी असलेली प्रत्येक बाई अशीच दिसते.

"नमस्कार मॅडम. दोन क्लास झालेत माझे. काका म्हणतात, हात चांगला आहे."

मी नुसती मान हलवून बाजूच्या सीटवर बसले. शर्टच्या बाह्या दुमडून त्यानं स्टिअरिंग धरलं, आरसा नीट केला. चांगला दिसत होता मेला. त्याचा मला वेगळा राग आला.

सरळ रस्त्यावर गाडी त्यानं खरंच बरी चालवली. शाळेचा कोपरा आला तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"डावी घ्या."

तो उजवीकडे वळला. समोर नारळाची हातगाडी. माझ्या पायाखालचा ब्रेक मी दाबला म्हणून नारळवाला वाचला.

"डावी म्हटलं मी."

"हो... सॉरी. कसं झालं कळलंच नाही."

"पुढे उजवी घ्या. उजवी म्हणजे उजवीच."

त्यानं डावी घेतली. गाडी एका सोसायटीच्या गेटात शिरली आणि वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. मी पुन्हा ब्रेक दाबला. अवधूतनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि हळूच माझ्याकडे वळला.

"मॅडम... जरा गॉगल काढता?"

"का? माझ्या डोळ्यांत रस्ता लिहिलाय?"

"नाही." तो थांबला. "...अनुया?"

आता हे सांगायला वीस वर्षं मागे जावं लागेल. अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये त्याचे वडील ऑफिसर होते, माझे वडील टूलरूममध्ये. आमच्या लाइनीत कॉम्प्युटर एकच, त्याच्या घरी. त्याच्या वडिलांनी उल्हासनगरहून गेमची एक सीडी आणली होती. गेम जपानी, कुणी नाव न ऐकलेला. कार्टून फिल्मसारखा चालायचा. डोळ्यांना पापण्या असलेली लाल गाडी डोंगरातून धावायची आणि वळण यायच्या आत बटण दाबायचं. चुकलं की गाडी दरीत, आणि वर एक बोकड हसायचा.

गंमत म्हणजे त्या डुप्लिकेट सीडीवर चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटलं होतं. बटणं मात्र सुलट. वळण डावीकडे दिसलं की दाबायचं उजवं. अक्षरंही उलटी होती, पण जपानी अक्षरं उलटी आहेत हे अंबरनाथमध्ये कोण ओळखणार? आम्हाला वाटलं, गेमच तसा आहे. मग आम्ही कामं वाटून घेतली. वळणं मी पाठ करायची आणि दिसतील तशी ओरडायची. मी 'डावी' म्हटलं की तो उजवं बटण दाबायचा. दोनशे चौदा वळणं. ज्या दिवशी गेम संपला, त्या दिवशी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो चॅम्पियन. मी 'ती बाजूला बसते ती'.

दोन महिन्यांनी त्याच्या वडिलांची बदली झाली. हा निरोपसुद्धा न घेता गेला. मी तेरा वर्षांची होते. तो मला आवडायचा, हे मला त्याच्या क्वार्टरला लागलेल्या कुलपानं सांगितलं.

आणि आता हा व्हिडिओ. 'लहानपणी मी एकट्यानं जिंकलेला, जगाला माहीत नसलेला गेम.' त्यात साहेब छाती काढून म्हणतात, 'दोनशे चौदा वळणं मी पाठ केली होती.' मी! पूर्ण अठरा मिनिटांत माझं नाव एकदाही नाही.

वॉचमननं शिट्टी मारली.

"गाडी मागे घे," मी म्हणाले, "आणि नंतर सरळ जा. सरळ तरी कळतं ना?"

सरळ कळत होतं. गावाबाहेरचा मोकळा रस्ता लागला. एका वडाखाली मी गाडी थांबवायला लावली.

"काकांनी डावी म्हटलं की मी डावीकडेच जातो," तो हळू आवाजात म्हणाला. "देवाशपथ. तू म्हटलंस आणि हात आपोआप उलटे गेले... आवाज ओळखला त्यांनी. माझ्या आधी."

"वा. हातांना माझी आठवण आहे. तोंडाला नाही."

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"पाठ कुणी केली होती वळणं?"

"तू."

"व्हिडिओत काय म्हणालास?"

"...मी."

"चाळीस हजार लोकांनी पाहिलाय तो, अवधूत. माझ्या आईनं पाहिलाय. ती मला विचारते, 'अगं, तू रोज दुपारी त्यांच्याकडे जायचीस ते मग कशाला?' काय सांगू मी तिला?"

"तुझं नाव होतं त्यात." स्टिअरिंगवरची धूळ तो बोटानं पुसत होता. "पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा होतं. पण तुझं नाव आलं की माझा आवाज... कसातरीच व्हायचा. चारदा केलं. चारही वेळा तेच. मग तेवढं कापलं."

"आणि 'मी पाठ केली'? ते कुठून आलं?"

"कापल्यावर वाक्य जोडायला काहीतरी हवं होतं."

मी स्कार्फ सोडला. मला नीट ओरडायचं होतं.

"म्हणजे स्वतःचा आवाज जपायला तू माझं नाव कापलंस. लाज तुझी आणि पुसली गेले मी. तेव्हाही तेच केलंस. निरोप घ्यायला आला नाहीस, का? रडू आलं असतं म्हणून?"

"हो," तो म्हणाला.

या 'हो'नं माझा राग आणखी चढला. माणसानं भांडताना निदान कारणं तरी द्यावीत.

"मोबाइल काढ. आत्ता, इथे, माझ्यासमोर सांग सगळ्यांना."

त्यानं मोबाइल डॅशबोर्डला टेकवून उभा केला. केस सारखे केले. मी नुसतं पाहिलं, तसे त्यानं ते विस्कटून टाकले.

"मागच्या व्हिडिओत मी खोटं बोललो," त्यानं सुरुवात केली. "तो गेम मी जिंकलो नव्हतो. मी फक्त बटणं दाबली. सगळी वळणं एका मुलीनं पाठ केली होती... आणि ती मुलगी मला तेव्हापासून आवडते."

गाडीत एकदम गरम व्हायला लागलं. मी हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं.

"हे चालणार नाही."

"का? खरं आहे ते."

"एक मुलगी, ती मुलगी... मला नाव नाही? नाव घे."

"आवाज फाटेल."

"फाटू दे."

त्यानं पुन्हा सुरुवात केली. बटणांपर्यंत नीट आला. मग म्हणाला, "वळणं अनुयानं पाठ केली होती," आणि आवाज खरंच फाटला, वयात येणाऱ्या पोरासारखा. त्यानं घाईघाईनं मोबाइलकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं. कापायचं नाही, असं डोळ्यांनीच सांगितलं. त्याच फाटक्या आवाजात तो पुढचंही बोलला, आवडण्याचं, नाव घेऊन. मनगट माझ्या हातातच राहिलं.

व्हिडिओ अपलोड मी केला. त्याच्यावर माझा विश्वास नव्हता.

"आता तरी राग गेला?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग... हे?" त्यानं मनगटाकडे पाहिलं.

"मला तू आवडतोस. तेव्हाही आवडायचास. राग त्याचाच तर आहे, गाढवा. नाहीतर कोण कुठला माणूस व्हिडिओत काय बरळतो, मला काय करायचंय?"

तो हसला नाही, हे बरं केलं. नुसता बघत राहिला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे भरले होते आणि ते त्याला दाखवायची मला हौस नव्हती. मग मी त्याला उठवलं आणि स्वतः ड्रायव्हिंग सीटवर बसले.

"उद्यापासून काकांकडेच शिकायचं," मी गाडी वळवत म्हणाले. "माझ्या आवाजावर तू कुणाचातरी जीव घेशील."

"आणि तुला भेटायचं कधी?"

"आज सहाला. घरी ये, आईला वळणांचं सांगायचंय तुला. तोंडानं."

"येतो. गाडी..."

"चालत ये."