रांगोळीला अडणारा चष्मा

"थांबा! समोर अडथळा!" चष्मा ओरडला. आबांनी काठीनं चाचपून पाहिलं, तर समोर काहीच नव्हतं. होती ती फक्त दारातली रांगोळी!

सन २०४८ मधला दिवाळीचा पाडवा होता. वाईच्या त्या गल्लीत दारोदार रांगोळ्या होत्या आणि नात शाल्मलीनं आबांसाठी बनवलेला बोलका चष्मा प्रत्येकीपाशी अडून बसत होता. त्यावर कहर म्हणजे काळ्या दगडाची खरीखुरी पायरी आली, तेव्हा स्वारी गप्प! आबा अडखळले. शाल्मलीनं सावरलं म्हणून बरं.

आबा निवृत्त शास्त्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून भाऊबीजेला त्यांची थोरली बहीण अक्का चार घरं पलीकडून यायची आणि त्यांना हाताला धरून न्यायची. "उद्या मी एकटा तिच्या दारात जाणार," असं आबांनी यंदा जाहीर केलं होतं. शाल्मलीचं तोंड एवढंसं झालं.

"आबा, चष्म्यासाठी मी सगळ्यात भारी साधन निवडलं होतं. दहा हजार वस्तू ओळखतं ते!"

"हुशार आहे गं ते. पण त्याचं काम वस्तुओळख (चित्रात काय आहे ते सांगणं). शिकताना त्यानं रांगोळी पाहिलीच नसेल, म्हणून त्याला वाटतं सामान सांडलंय. आणि काळी पायरी त्याला जमिनीचाच भाग वाटते. मला सांग, चालताना मला काय कळायला हवं?"

शाल्मली विचारात पडली. "काय आहे ते नाही... किती लांब आहे, उंच आहे की सपाट, ते."

"मग बोट नाकासमोर धर. आधी एक डोळा मीट, मग दुसरा."

"बोट उडी मारतंय!"

"हात लांब कर."

"आता छोटी उडी!"

"जवळच्या वस्तूची उडी मोठी, लांबच्या वस्तूची लहान. दोन कॅमेरे लावले, की त्या उडीवरून अंतर काढणारी आज्ञावली (संगणकाला दिलेल्या सूचना) वापरता येते."

"म्हणजे रांगोळीची उडी जमिनीइतकीच, आणि पायरीची वेगळी!" शाल्मली कामाला लागलीसुद्धा.

भाऊबीजेच्या सकाळी आबा एकटे निघाले. शाल्मली मागून चालत होती. "पायरी. एक वीत उंच," चष्मा म्हणाला. आबांनी बरोब्बर पाय उचलला. रांगोळ्यांपाशी मात्र चष्मा चकार शब्द बोलेना, त्यामुळे आबा थेट त्यांच्यातूनच!

"अगं बाई, माझी रांगोळी!" अक्का दारातून कडाडली. मग तिनं पाहिलं, आबांचा हात कुणीच धरलेला नव्हता. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"चुकलंच, अक्काआजी," शाल्मली ओशाळून म्हणाली. "अंतराचं साधन राहू देते, आणि ओळखणाऱ्यालाही रांगोळ्यांचे फोटो दाखवून शिकवते. दोघं मिळून चालवतील आबांना."

"शिकव हो, पुढच्या वर्षीसाठी," अक्का म्हणाली आणि केरसुणी घेऊन आलेल्या सुनेला तिनं हातानंच थांबवलं. "रांगोळीतली ही पावलं राहू देत. माझा भाऊ आपला आपण आलाय."