बंद खोलीतले मामंजी

बंगळुरात के. आर. पुरम स्टेशनच्या मागं पत्र्याची एक शेड आहे. तिथं नऊ वर्षं आम्ही एक कानडी विनोदी मालिका काढली. मी साउंडवाला. नायिका धनलक्ष्मी, आमच्या निपाणीकडची. घरी मराठी, कॅमेऱ्यापुढं अस्सल म्हैसुरी कानडी. आधी पंधरा वर्षं तिनं मोलकरीण, नर्स, शेजारीण असंच काहीबाही केलं. मग ही सून मिळाली आणि तिला बाजारात भाजी घेणं मुश्कील झालं. भाजीवाल्या टोमॅटोला हात लावू देत नसत, आधी विचारत, "अक्का, मामंजी कसे आहेत?"

मालिकेतली खरी गंमत मामंजींचीच. ते कधी दिसत नसत. सून कॉफी घेऊन त्यांच्या बंद दाराशी जायची, घरातली सगळी गाऱ्हाणी सांगायची, आणि आतून फक्त खोकला. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. खोकला माझाच. तो मी नंतर, एडिटिंगच्या वेळी घालायचो. सेटवर धनलक्ष्मी बोलून थांबायची, मनात तीनपर्यंत मोजायची आणि पुढचं वाक्य घ्यायची. दारामागं खोली नव्हतीच. वीतभर जागा आणि पत्रा. आत मांजर गेलं तर त्याला वळताही आलं नसतं.

यंदा चॅनेलनं मामंजींना मारायचं ठरवलं. धनलक्ष्मीनं नको म्हणून पाहिलं. दिग्दर्शक प्रणीत तसा पोरगेला, पण बोलायला सरळ. मामंजी तरी जातील नाहीतर सून तरी माहेरी जाईल, तुम्हीच ठरवा अक्का, म्हणाला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला पुन्हा सून कोण करणार? ती नुसतं "सरी", म्हणजे बरं, म्हणाली.

सकाळी अकराला शॉट लागला. तिनं दार वाजवायचं, हाक मारायची, आतून काही आलं नाही की हातातली कपबशी सोडायची. तिनं दार वाजवलं, हाक मारली.

आतून खोकला आला.

सगळे माझ्याकडं बघून हसले. थापा आणि खोड्या यांत माझं नाव आधीच खराब, त्यामुळं शपथेचा उपयोग नव्हता. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी प्रणीतनं मला दोन्ही हात वर धरून उभं केलं. खोकला आला. मग सेट लावणाऱ्या बसवंतनं दार उघडून दाखवलं. पत्रा. कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत.

पाचव्या वेळी कोणी हसलं नाही. प्रणीत घड्याळाकडं बघत पुटपुटला, आज जमलं नाही तर कथा बदलावी लागेल. कशी बदलेल, ते धनलक्ष्मीला कळलं.

तिनं एक मिनिट मागून घेतलं. दाराला कपाळ टेकलं. तिच्या पदराला माइक होता, म्हणून हेडफोनमध्ये मला एकट्याला ऐकू आलं. कानडी नव्हतं ते.

"मामंजी, माझं काम जाईल हो. एवढं ऐका माझं."

मी हेडफोन कानांवर दाबून धरले.

मग खोकला. एकदाच.

सहाव्या वेळी आत शांतता होती. तिच्या हातून कप सुटला आणि ती अशी रडली, की लाइटवाले तोंड फिरवून उभे राहिले. प्रणीत कट म्हणायचं विसरला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर हार घातलेला फोटो हवा होता. बसवंतनं आनेकलच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून कुणा म्हाताऱ्याचा फोटो पैदा केला, चंदनाचा हार घालून टांगला. धनलक्ष्मी मेकअप करून आली. तिनं फोटो पाहिला.

"हे नव्हेत ते," ती म्हणाली.

मेकअपवाली भागुबाई म्हणाली, नाक असं कुठं होतं. लाइटवाला महांतेश म्हणाला, कान चांगले मोठे होते की. प्रणीतनंही मान हलवली. कपाळ रुंद हवं.

बसवंतनं निमूट फोटो उतरवला. "चष्म्याचा आणू, का बिनचष्म्याचा?"

"बिनचष्म्याचा," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

मग बराच वेळ कोणी कोणाकडं पाहिलं नाही.